गुलमंडीचा भेट-थांबा

मी वाहतुकीचा अभ्यास करते असं सांगितलं की फुलंब्रीत आमच्या ओळखीच्यांना दोनच गोष्टी सुचायच्या. एक तर ही एसटीत कंडक्टर होणार, नाहीतर चौकात शिट्टी घेऊन उभी राहणार. स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेली मुलगी पुन्हा कॉलेजात जाते, नुसत्या येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत बसते आणि त्याबद्दल तिला वरची पदवी मिळणार असते, हे कुणाच्या पचनी पडत नव्हतं. थोरल्या काकांच्या तर मुळीच नाही. घरातल्या सगळ्यांदेखत त्यांनी माझ्या वडिलांना बजावलं, की यंदा पोरगी पास झाली तर ठीक, नाहीतर पुरे झालं शिक्षण.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, थोरल्या भावापुढे कधी वर तोंड करून बोलले नाहीत. त्या दिवशी मात्र म्हणाले, "हुईल पास. मी सांगतो नव्हं." आणि म्हशींना पाणी दाखवायला निघून गेले. कशाच्या जोरावर सांगितलं, देव जाणे. माझा अभ्यास कसा चाललाय हे त्यांनी मला एका शब्दानं कधी विचारलं नव्हतं. मला त्याचा राग यायचा. काका निदान नाही म्हणण्यापुरतं तरी माझ्या शिक्षणाचं नाव काढायचे.

एकदाच अण्णांनी थोडा रस दाखवला होता. आमच्या शास्त्रात सगळी वाहनं मोटारीच्या मापात मोजतात, बस म्हणजे तीन मोटारी, दुचाकी म्हणजे अर्धी मोटार, असं मी धाकट्या भावाला सांगत होते. अण्णांनी जेवता जेवता मान वर केली. म्हणाले, "माझ्या गाडीवर तुझी आई, दुधाचे कॅन अन् सरकी पेंडीचं पोतं असतंय. ती अर्धी कशी काय?" मी उठून पुस्तक चाळलं. त्यात याचं उत्तर नव्हतं. त्यानंतर त्यांनी माझ्या शास्त्राचा नाद सोडून दिला.

यंदा पास व्हायचं म्हणजे काय, हे सांगायला हवं, कारण त्याआधी मी एकदा नापास होऊन बसले होते. माझ्या प्रबंधाचा विषय होता आमच्या जिल्ह्याच्या शहरातल्या जुन्या बाजाराचा, गुलमंडीचा चौक. संगणकावर एक खोटा चौक बांधायचा, त्यात खोट्या गाड्या सोडायच्या आणि तो खऱ्या चौकासारखा वागतो का ते बघायचं. तसा वागला की त्या खोट्या चौकात सिग्नल बसवून बघायचा, एखादा रस्ता एकेरी करून बघायचा. खऱ्या माणसांच्या शिव्या न खाता सगळे प्रयोग करता येतात. याला सिम्युलेशन म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

अडचण अशी, की ते सॉफ्टवेअर परदेशातल्या शिस्तीच्या लोकांनी स्वतःसारख्याच शिस्तीच्या लोकांसाठी बनवलेलं होतं. माझ्या खोट्या गुलमंडीतल्या गाड्या एकीमागे एक, अंतर राखून, पुढच्या गाडीची मर्जी सांभाळत चालायच्या. नव्या सुनेसारख्या. कुणी कुणाच्या अंगावर जायचं नाही, उलट्या बाजूनं घुसायचं नाही. परीक्षेसाठी पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी पडद्यावर हे थोडा वेळ पाहिलं आणि माझा प्रबंध अलगद मिटला. म्हणाले, तुमची गुलमंडी फार सुखात आहे. एवढा जुना, एवढा मोठा बाजार, आणि कुठं रांगसुद्धा लागत नाही, हे मला पटत नाही. प्रबंध दुरुस्तीला परत आला. जाताना त्यांनी असंही सांगितलं, की पुढच्या वेळी मी आधी चौकात उभा राहून डोळ्यांनी बघणार, मगच तुमचा पडदा बघणार.

तेव्हा मी पुन्हा गुलमंडी गाठली. रोज सकाळी फुलंब्रीहून काळी-पिवळी जीप धरायची, चौक्याचा घाट उतरायचा, हर्सूलपाशी आणखी माणसं चढली की अंग आखडून बसायचं आणि शहरात पोचेपर्यंत शेजारणीच्या पिशवीतली मेथी आपल्या मांडीवर आहे हे मान्य करायचं. चौकाच्या तोंडाशीच एक कापडाचं दुकान होतं. आमच्या घराण्यातल्या प्रत्येक लग्नाचा बस्ता, म्हणजे साऱ्या वऱ्हाडाचे कपडे, त्याच दुकानात घेतलेला. त्या पुण्याईवर शेठनी मला वरच्या मजल्यावरची खिडकी दिली. तिथं कॅमेरा लावून मी गादीवर बसायची. साड्या बघायला आलेल्या बायकांना वाटायचं मीच नवरी. त्या माझ्या खांद्यावर पदर टाकून रंग खुलतो का ते बघायच्या, आणि मी मान तशीच ठेवून खालच्या रिक्षांवर नजर ठेवायची.

चित्रण पाहताना एक गोष्ट मला छळायला लागली. चौक मध्येच तुंबायचा, आणि त्याला कारण काही दिसायचं नाही. अपघात नाही, बंद पडलेली गाडी नाही, पाऊस नाही, मिरवणूक नाही. बरं चाललेलं असायचं आणि एकाएकी सगळं ठप्प. मी ते तुकडे उलटसुलट करून बघितले, तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. प्रत्येक वेळी, तुंबण्याच्या जरासं आधी, चौकाच्या मध्यावर दोन मोटारसायकली हँडलला हँडल लावून उभ्या असायच्या. आणि त्यांच्यावरची माणसं बोलत असायची.

हे मला आधी का दिसलं नाही, तर ते इतकं सवयीचं होतं म्हणून. आमच्याकडे आसपासच्या सगळ्या तालुक्यांचा माणूस कधी ना कधी गुलमंडीत येतोच, आणि आला की त्याला सोयरा भेटतोच. सोयरा दिसला आणि थांबला नाहीस, तर पुढची कित्येक लग्नं ते ऐकून घ्यावं लागतं: गाडीवरून तसाच गेला, थांबला बी नाय. आधी गाडी कडेला लावू आणि मग भेटू, असंही चालत नाही. गाडी कडेला न्यायला लागलास म्हणजे सटकायला बघतोस, असा त्याचा अर्थ होतो. म्हणून जिथं नजरानजर होईल तिथंच थांबायचं. तीच रीत. ती जागा नेमकी चौकाच्या मध्यावर येते, कारण चारी रस्त्यांवरून एकमेकांचं तोंड तिथंच दिसतं.

आता हे संगणकाला कसं समजावायचं? त्या सॉफ्टवेअरमध्ये माणसानं रस्त्यात थांबायला एकच सबब होती, ती म्हणजे बस थांबा. मग मी माझ्या सगळ्या मोटारसायकलींच्या छोट्या बस केल्या आणि सोयऱ्यांचे थांबे. हे थांबे कधीही, चौकात कुठंही उगवायचे; गाडी तिथं उभी राहायची आणि ख्यालीखुशाली झाली की पुढे निघायची. ख्यालीखुशालीला किती वेळ लागतो हे चित्रणावरून काढलं. नुसता रामराम, घरच्यांची चौकशी, आणि पोरीसाठी स्थळ बघताय का, असे त्याचे चढते प्रकार होते. हे घातल्याबरोबर माझा खोटा चौक असा काही तुंबला, की मी आनंदानं टाळ्या वाजवल्या. प्रयोगशाळेतली बाकीची मुलं माझ्याकडे संशयानं बघायला लागली.

आमचे मार्गदर्शक सर हा भला पण भित्रा माणूस. परिशिष्टात मी 'भेट-थांबा' असा शब्द लिहिला होता. त्यांनी तो पेन्सिलनं खोडून वर 'अनियोजित सामाजिक विराम' असं लिहिलं. मग विचारात पडले आणि तेही खोडलं. म्हणाले, पुण्याच्या माणसापुढे आपण असं सांगायचं का, की आमची माणसं बोलत उभी राहतात म्हणून रस्ता बंद होतो? बरं दिसतं का ते? मी म्हटलं, सर, ते बघायलाच येणार आहेत. यावर त्यांनी सुस्कारा सोडला आणि सही केली.

तर मंगळवारी परीक्षक आले. मी आणि सर त्यांना रिक्षातून गुलमंडीत घेऊन गेलो. चौकाच्या अलीकडेच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. रिक्षा थांबलीच नव्हती. पैठण गेटपासून गुलमंडीपर्यंत रिक्षा न थांबता येते, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं.

उतरून बघते तर चौक धुतलेला. हातगाडीवाले नालीच्या पलीकडे, एका ओळीत. दुकानांपुढच्या स्कूटर तिरप्या आणि सारख्या अंतरावर, शाळेतल्या कवायतीसारख्या. रस्त्याच्या मधोमध पांढऱ्या फक्कीची सरळ रेघ ओढलेली. तिच्या अलीकडून गाड्या जात होत्या आणि पलीकडून येत होत्या, न थांबता, न बोलता. ट्रॅफिक हवालदार इस्त्रीच्या कपड्यांत, हात पसरून उभा. मी जो चौक संगणकावर पहिल्यांदा बांधला होता आणि जो खोटा म्हणून परत आला होता, तोच चौक आता माझ्यासमोर हुबेहूब उभा होता.

दारातच शेठ शाल आणि नारळ घेऊन उभे होते. परीक्षकांना शाल पांघरून झाली. मग शेठ मला बाजूला घेऊन खुशीत म्हणाले, "बेटा, तू फिकर मत कर. कल तेरे अण्णा आए थे. पूरा मार्केट टाइट करके रखा है."

अण्णांना वाटलं होतं, की ज्या अर्थी आपली पोरगी वाहतूक शिकते आणि तिचा चौक तपासायला पुण्याहून साहेब येतो, त्या अर्थी वाहतूक चांगली दिसली पाहिजे. त्यांचं काय चुकलं? गावात कसलीही समिती पाहणीला यायची म्हटलं की हीच तयारी असायची. आदल्या दिवशी सडा घालायचा, ढोरं मागं बांधायची, चार गोड बोलणारी माणसं पुढं करायची. अण्णा अशा स्वागताच्या कामात कायम पुढं. शेठला सांगितलं, शेठनी साऱ्या बाजाराला सांगितलं, आणि फुलंब्रीच्या पोरीचा निकाल आपल्या हातात आहे म्हटल्यावर गुलमंडीनं एक दिवस शहाण्यासारखं वागायचं ठरवलं.

मी शेठना कुजबुजून विनवलं, की हे पुन्हा होतं तसं करा. निदान हातगाड्या तरी पुढे घ्या. शेठ माझ्याकडे दयेनं बघत राहिले. परीक्षेच्या भीतीनं पोरगी भलतंसलतं बोलते आहे असं त्यांना वाटलं असावं. अण्णांना शब्द दिलाय, म्हणाले, साहेब जाईपर्यंत पानसुद्धा हलणार नाही. मी अण्णांना फोन लावला. तो वाजत राहिला. गाडी चालवताना अण्णा फोन घेत नसत. वाहतुकीचा तेवढा एकच नियम ते पाळायचे.

वरच्या खिडकीत परीक्षकांना गादीवर बसवलं होतं. पुढ्यात चहा आणि ताटलीत इमरती. मी लॅपटॉप उघडला. पडद्यावर माझी गुलमंडी नेहमीसारखी तुंबली होती. खिडकीबाहेर खरी गुलमंडी झुळझुळ वाहत होती. परीक्षक आधी इकडे बघायचे, मग तिकडे. शेवटी शांतपणे म्हणाले, "मागच्या वेळी तुमचा पडदा फार सुखी होता. आता चौक सुखी आहे आणि पडदा दुःखी. दोन्ही एकाच वेळी कधी जुळणार?"

मी चित्रण दाखवलं. ते सणासुदीचं असेल, म्हणाले. नाही, सर, साध्या दिवसांचं आहे, म्हटलं. त्यांनी खिडकीकडे बोट केलं. मग हा कसला दिवस आहे? आमचे सर घशातून कसलासा आवाज काढून तिसरी इमरती खायला लागले. मला रडू येत होतं. काकांचा चेहरा दिसत होता, आणि त्यांच्यापुढे 'हुईल पास' म्हणून बसलेले अण्णा दिसत होते. ज्यांच्या शब्दासाठी मी पास व्हायचं होतं, त्यांनीच माझ्या नापासाची एवढी जय्यत तयारी करून ठेवली होती, आणि त्यांच्यावर रागावताही येत नव्हतं.

तेवढ्यात औरंगपुऱ्याच्या बाजूनं अण्णांची मोटारसायकल आली. धुवट पांढरी टोपी, अंगात लग्नकार्यातला नेहरू शर्ट. व्यवस्था बरोबर आहे ना हे बघायला ते स्वतः आले होते. फक्कीच्या रेघेच्या आतून, हळू, इकडे-तिकडे कौतुकानं बघत चालले होते. आणि समोरून, सिटी चौकाच्या बाजूनं, पिशोरचा माझा मामा आला.

दोघांची नजरानजर चौकाच्या बरोब्बर मध्यावर झाली. अण्णांनी ब्रेक दाबला. मामानंही दाबला. हँडलला हँडल लागलं, फक्कीच्या रेघेवर एकेक पाय टेकला गेला.

मामानं विचारलं, "काय हो दाजी, आज बाजार लई गपगार?"

अण्णांनी गाडी बंद केली. आमच्याकडे बोलताना माणूस गाडी चालू ठेवतो. बंद केली म्हणजे गोष्ट मोठी आहे. त्यांचा आवाज वर खिडकीपर्यंत खणखणीत आला: "पाव्हणं, माझ्या पोरीचा चौक तपासायला पुण्याचा सायब आलाय."

मागच्या रिक्षानं हॉर्न दिला आणि रेघ ओलांडून उजवीकडून घुसली. समोरून येणारा टेम्पो तिच्या तोंडाशी येऊन थांबला. टेम्पोच्या बगलेतून निघायला बघणाऱ्या स्कूटरवाल्याला त्या तिढ्यातच ओळखीचा कुणीतरी दिसला आणि तोही थांबला. हातगाडीवाल्यांनी पाहिलं की शिस्त संपली. ते आपापल्या जागी परत आले. हवालदार शिट्टी फुंकत तरातरा अण्णांपाशी गेला, त्यानं काहीतरी विचारलं, आणि अण्णांनी त्याला सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. हवालदाराची शिट्टी तोंडातून खाली आली. तो कमरेवर हात ठेवून ऐकत राहिला.

"हे घाला," परीक्षक एकदम म्हणाले. "पडद्यावर याच जागी घाला."

मी पडद्यावर मधोमध एक भेट-थांबा टाकला. खोट्या गाड्या आधी औरंगपुऱ्याकडे तुंबल्या, मग सिटी चौकाकडे, आणि सगळ्यात शेवटी पैठण गेटच्या बाजूची रांग मागे मागे सरकत गेली. खिडकीबाहेरही तसंच होत गेलं, त्याच क्रमानं. परीक्षक ताटली हातात घेऊन कधी पडद्यापाशी जायचे, कधी खिडकीपाशी. शाल खांद्यावरून घसरली तरी त्यांना कळलं नाही. सरांना आता जोर चढला होता. म्हणाले, याला आम्ही अनियोजित सामाजिक विराम म्हणतो.

परीक्षकांनी विचारलं, असा एक विराम साधारण किती चालतो. मी माझ्या मोजणीतला सर्वांत मोठा आकडा सांगितला. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, खाली अण्णांकडे पाहिलं. तो आकडा केव्हाच मागे पडला होता.

"ही नोंद गाळून टाका," ते म्हणाले. "अशी एखादी टोकाची निघतेच, सगळी सरासरी बिघडवते. हा गृहस्थ कोण आहे कुणास ठाऊक, पण याला नमुन्यात धरू नका."

"ते माझे वडील आहेत," मी म्हणाले.

परीक्षकांनी ताटली खाली ठेवली. खालून हॉर्नच्या गर्दीतून अण्णांचा आवाज तेवढा येत होता. ते हवालदाराला सांगत होते, "माझा थोरला भाऊ म्हणला, बास झालं शिक्षण. मी म्हणलं, हुईल पास. रोज जीपमधी अवघडून येती, जाती. मी कवा इचारत नाय तिला. तिनं सांगितलं अन् मला कळलं नाय, तर तिला वाईट वाटल ना. पण लई अवघड हाय बघा ते. पुण्याहून बघायला येत्यात."

मला ऐकू आलं ते. अर्ध्या बाजारालाही ऐकू गेलं. मी लॅपटॉपवर वाकले, कारण डोळे भरून आले होते आणि परीक्षकांसमोर रडायचं नव्हतं. एवढ्या दिवसांचा माझा राग त्या चौकात कुठं गेला, मला कळलंही नाही.

तो तिढा सुटेपर्यंत परीक्षकांना खाली उतरता आलं नाही, त्यामुळे तोंडी परीक्षा शेठच्या दुकानातच झाली. मी पास झाले. नोंद मात्र नियमानं गाळायलाच हवी, असं जाताना ते पुन्हा म्हणाले. मी हो म्हटलं आणि सरासरीतून ती गाळली. पण आलेखातून काढली नाही. छापून आलेल्या प्रबंधात सगळे ठिपके खाली एका झुबक्यात आहेत आणि एक ठिपका पार वरच्या कोपऱ्यात एकटा आहे. सरांना तो दिसला. त्यांनी चष्मा पुसला आणि पान उलटलं.

प्रबंध घरी आणला तेव्हा काका नुसतं बरं म्हणाले. अण्णांनी हात धुतले, धोतराला पुसले आणि पानं उलटायला घेतली. मी आलेखाचं पान काढून दिलं. त्या कोपऱ्यातल्या ठिपक्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि त्या एका वेळेनंतर पहिल्यांदाच मला माझ्या अभ्यासातलं काही विचारलं, हे काय आहे. ते तुम्ही आहात, मी सांगितलं. तुम्ही आणि मामा, गुलमंडीत.

त्यांनी पान उजेडाकडे धरलं. मग म्हणाले, "हितं बी माझी गाडी अर्धीच धरली का?"

"नाही, अण्णा," मी म्हटलं, "ही अख्खी धरली."